बाळाची कार सीट समोर कधी वळवावी?

वाढदिवस हे त्याचे उत्तर नव्हे. बाळाची उंची, वजन आणि सीटवर छापलेली मर्यादा यांवरून हा निर्णय घ्यावा लागतो.

मुंबई-अहमदाबाद महामार्गाने मनोर मागे टाकले की चारोटी नाका लागतो. डावीकडे फुटलेला रस्ता पंचवीसेक किलोमीटरवरील डहाणूला पोहोचतो. सरळ जाणारा महामार्ग महालक्ष्मी, दापचरी, तलासरी करीत आच्छाड येथे गुजरातच्या हद्दीला भिडतो. सुटीच्या दिवसांत मुंबई-ठाण्याची असंख्य कुटुंबे या वाटेने बोर्डीच्या किनाऱ्यावर, घोलवडच्या चिकूवाडीत, महालक्ष्मीच्या दर्शनाला किंवा पुढे वापी-सुरतेकडे जातात. त्यांपैकी अनेक गाड्यांत मागच्या आसनावर एक-दोन वर्षांचे मूलही असते. हे मूल आईच्या मांडीवर असते, दोन आसनांच्या मधल्या फटीत उभे असते किंवा हौसेने आणलेल्या चाइल्ड सीटमध्ये असते. सीट आणणाऱ्या पालकांपुढे वर्षभरात एक प्रश्न हमखास उभा राहतो. आजवर पाठमोरे, म्हणजे गाडीच्या मागच्या काचेकडे तोंड करून बसलेले बाळ आता समोर तोंड करून बसवावे का?

बाळाने पहिले पाऊल टाकले, पहिला वाढदिवस झाला की सीट वळवण्याची बहुतेक घरांत घाई होते. 'आता मोठा झाला, त्यालाही रस्ता दिसू दे' अशी त्यामागची भावना असते. या भावनेचा बाळाच्या मानेच्या हाडांशी मात्र काही संबंध नसतो. म्हणूनच हा निर्णय कशाच्या आधारे घ्यावा, हे समजून घेणे आवश्यक आहे.

चारोटीचा धडा

४ सप्टेंबर २०२२ रोजी, रविवारी दुपारी, उदवाड्याहून मुंबईकडे येणारी एक मोटार चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलाच्या कठड्यावर आदळली. टाटा समूहाचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री आणि त्यांचे स्नेही जहांगीर पंडोल यांचा त्यात मृत्यू झाला. दोघेही मागच्या आसनावर होते आणि दोघांनीही सीटबेल्ट लावलेला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले. पुढच्या आसनांवरील दोघे गंभीर जखमी झाले, पण वाचले. मोटार महागडी होती आणि तिच्यात सुरक्षेची आधुनिक साधने होती.

या दुर्घटनेने एक जुना समज मोडीत काढला. 'मागे बसलेल्याला काही होत नाही' हा तो समज होय. धडकेच्या क्षणी गाडी थांबते. आतली माणसे मात्र पूर्वीच्याच वेगाने पुढे जात राहतात. त्यांना गाडीशी बांधून ठेवणारे काही नसेल तर ती पुढच्या आसनावर, छतावर किंवा एकमेकांवर आदळतात. हा नियम प्रौढांना जितका लागू आहे, तितकाच दहा किलोच्या बाळालाही लागू आहे.

थोडा हिशेब करून पाहावा. ताशी ५० किलोमीटर वेगाने धावणारी गाडी धडकून एका सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर मांडीवरच्या दहा किलोच्या बाळाला धरून ठेवण्यासाठी सुमारे १४० किलो वजन पेलण्याइतकी ताकद लागते. इतकी ताकद कोणत्याही आईच्या किंवा आजीच्या हातांत नसते. उंचीच्या भाषेत सांगायचे तर ताशी ५० किलोमीटरची धडक ही सुमारे दहा मीटरवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून पडण्यासारखी आहे. ताशी ८० किलोमीटरला ही उंची पंचवीस मीटर, म्हणजे सात-आठ मजले होते. महामार्गावर ८० चा वेग कोणालाच जास्त वाटत नाही.

बाळ मांडीवर असू नये, हे यावरून स्पष्ट होते. मूळ प्रश्न त्यापुढचा आहे. सीटमध्ये बसवलेल्या बाळाचे तोंड कोणत्या दिशेला असावे?

पाठमोरे बसवायचे कशासाठी?

लहान मूल म्हणजे प्रौढ माणसाची छोटी प्रतिकृती नव्हे. नवजात बाळाचे डोके त्याच्या एकूण लांबीच्या सुमारे एक चतुर्थांश असते. प्रौढांत हे प्रमाण सातव्या-आठव्या हिश्शावर येते. म्हणजे बाळाच्या शरीरात डोके हा सर्वांत जड भाग आणि मान हा सर्वांत दुबळा भाग असतो. मानेचे मणके या वयात पूर्ण हाडाचे झालेले नसतात. त्यांचे तुकडे कूर्चेने जोडलेले असतात आणि हे सांधे हाडात मिसळून एकसंध होण्यास साधारण तीन ते सहा वर्षांचे वय यावे लागते. मानेचे स्नायूबंध सैल असतात, स्नायूंत जोर कमी असतो.

समोर तोंड करून बसलेल्या बाळाची गाडी समोरून धडकली, तर सीटचे पट्टे त्याचे खांदे आणि कंबर रोखून धरतात. डोक्याला मात्र कोणी रोखत नाही. ते वेगाने पुढे फेकले जाते आणि त्याचा सगळा ताण मानेवर येतो. कोवळे मणके ताणले जातात, पण त्यांच्या आतील मज्जारज्जू तितका ताण सहन करू शकत नाही. हाड न मोडताही मज्जारज्जूला इजा होण्याचा धोका म्हणूनच लहान मुलांत अधिक असतो. अशी इजा बहुधा भरून येत नाही.

तेच बाळ पाठमोरे असेल तर चित्र बदलते. धडकेच्या वेळी ते सीटच्या पाठीत दाबले जाते. डोके, मान आणि पाठ एकाच रेषेत, एकाच वेळी थांबतात. धक्का शरीराच्या एका बिंदूवर न येता संपूर्ण पाठीवर विभागला जातो. मानेला डोक्याचे ओझे एकटीने पेलावे लागत नाही. झेल घेताना खेळाडू चेंडू बोटांच्या टोकांवर न घेता तळव्यात घेतो, तसाच हा प्रकार आहे.

गंभीर अपघातांत समोरून होणाऱ्या धडकेचा वाटा मोठा असतो आणि तिचा जोरही सर्वाधिक असतो. चारोटीचा अपघातही याच प्रकारचा होता. म्हणून सीटची दिशा ठरवताना समोरची धडक हाच मुख्य निकष मानला जातो.

अंतराळवीरांकडून आलेली कल्पना

बाळाला पाठमोरे बसवण्याची कल्पना स्वीडनमधली. गोथेनबर्गच्या चाल्मर्स विद्यापीठातील प्राध्यापक बर्टिल आल्डमन यांनी अमेरिकेच्या जेमिनी मोहिमेतील अंतराळवीरांची आसने पाहिली. उड्डाणाच्या वेळी येणारा प्रचंड दाब पाठीवर घेता यावा अशा रीतीने ते अंतराळवीर बसवलेले असत. हेच तत्त्व मोटारीतील बाळाला का लावू नये, असा विचार आल्डमन यांनी केला. १९६४ मध्ये अशा सीटच्या पहिल्या नमुन्याची चाचणी झाली आणि १९७२ मध्ये व्होल्वो कंपनीने पाठमोरी चाइल्ड सीट बाजारात आणली. १९५९ साली तीन बिंदूंचा सीटबेल्ट मोटारीत आणणारी कंपनीही हीच. स्वीडनमध्ये आजही मुलांना साधारण चार वर्षांपर्यंत पाठमोरे बसवण्याचा सल्ला दिला जातो आणि तेथील पालकांना त्यात वावगे काही वाटत नाही.

वयाचा आकडा का बदलत गेला?

इंटरनेटवर शोध घेणाऱ्या पालकांचा गोंधळ उडतो तो येथे. कोठे 'एक वर्ष' लिहिलेले असते, कोठे 'पंधरा महिने', कोठे 'दोन वर्षे', तर कोठे 'चार वर्षे'. यांतील प्रत्येक आकड्यामागे काही इतिहास आहे.

युरोपातील जुन्या, 'आर-४४' नावाच्या मानकात सीटची विभागणी वजनावर होती. नऊ किलो वजन झाल्यावर बाळाला समोर तोंड करून बसवण्याची मुभा त्यात होती. अनेक सुदृढ बाळे हे वजन वर्षाच्या आतच गाठतात. भारताचे 'एआयएस-०७२' हे मानक याच धर्तीवर बेतलेले आहे. २०१३ पासून युरोपात 'आर-१२९' हे नवे मानक लागू झाले. त्यात वजनाऐवजी उंचीला महत्त्व देण्यात आले आणि पंधरा महिने पूर्ण होईपर्यंत बाळ पाठमोरेच बसले पाहिजे अशी अट घालण्यात आली. हे पंधरा महिने म्हणजे किमान मर्यादा आहे, त्या दिवशी सीट वळवावी असा त्याचा अर्थ नाही.

अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संघटना पूर्वी 'किमान एक वर्ष आणि नऊ किलो' असे सांगत असे. २०११ मध्ये तिने ही मर्यादा दोन वर्षांवर नेली. या शिफारशीला २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा मोठा आधार होता. दोन वर्षांखालील मुले पाठमोरी असताना कितीतरी अधिक सुरक्षित असतात, असे त्यात आकडेवारीने दाखवले होते. पुढे त्या आकडेमोडीच्या पद्धतीतच दोष आढळला आणि संबंधित नियतकालिकाने तो अभ्यास मागे घेतला. नव्याने केलेल्या विश्लेषणात कल पाठमोऱ्या सीटच्याच बाजूने दिसला. पण योग्य सीटमध्ये बसलेली मुले जखमी होण्याच्या घटनाच इतक्या थोड्या होत्या की ठाम निष्कर्ष काढता येईना.

त्यानंतर २०१८ मध्ये संघटनेने आपला सल्ला बदलला. पाठमोरे बसवण्याचा आग्रह तिने सोडला नाही, वयाचा आकडा तेवढा काढून टाकला. सीटच्या उत्पादकाने पाठमोऱ्या स्थितीसाठी दिलेली उंचीची किंवा वजनाची कमाल मर्यादा गाठेपर्यंत, शक्य तितका अधिक काळ, मुलाला पाठमोरे बसवावे, असा तो सल्ला आहे. शरीररचना आणि धडकेच्या प्रयोगांतून मिळालेला आधार कायम होता, डळमळीत झाली होती ती केवळ दोन वर्षांची रेघ.

मग नेमके कधी वळवावे?

पहिले काम म्हणजे सीटच्या बाजूला किंवा तळाशी चिकटवलेले लेबल वाचणे. नारिंगी रंगाच्या लेबलावर वर्तुळातील इंग्रजी 'ई' अक्षर, मानकाचा क्रमांक आणि किलो किंवा सेंटिमीटरमधील मर्यादा छापलेली असते. सोबतच्या माहितीपुस्तिकेत पाठमोऱ्या आणि समोरच्या स्थितीची मर्यादा स्वतंत्रपणे दिलेली असते. आपल्याला हवा असतो तो पाठमोऱ्या स्थितीचा कमाल आकडा. केवळ तान्ह्या बाळांसाठी असलेल्या, हातात उचलून नेता येणाऱ्या सीटची मर्यादा बहुधा १३ किलो असते. दोन्ही दिशांना बसवता येणाऱ्या सीटपैकी काहींची मर्यादा १३ किलो, तर काहींची १८ किलो असते. उंचीवर आधारलेल्या अनेक सीट १०५ सेंटिमीटरपर्यंत पाठमोऱ्या वापरता येतात.

हे आकडे बाळाच्या वाढीशी ताडून पाहिले की चित्र स्पष्ट होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या तक्त्यानुसार मध्यम बांध्याच्या मुलाचे वजन एक वर्षाला ९.६ किलो, दोन वर्षांना १२.२ किलो आणि तीन वर्षांना १४.३ किलो असते. मुलीचे वजन अनुक्रमे ८.९, ११.५ आणि १३.९ किलो असते. तीन वर्षांच्या मुलाची उंची सुमारे ९६ सेंटिमीटर, तर चार वर्षांच्या मुलाची १०३ सेंटिमीटर भरते. म्हणजेच १३ किलोची सीटही मध्यम बांध्याच्या बाळाला दोन वर्षे पूर्ण झाल्यावर काही महिने पुरते. १८ किलो किंवा १०५ सेंटिमीटरची सीट तर चार वर्षांच्या आसपासपर्यंत साथ देते. पहिल्या वाढदिवसाला सीट वळवण्याचे कारण यांपैकी कोणत्याच आकड्यात सापडत नाही.

जन्मतः कमी वजनाच्या किंवा अंगाने बारीक असलेल्या मुलांबाबत हे विशेष लक्षात ठेवावे. असे मूल अडीच वर्षांचे झाले तरी मर्यादेच्या बरेच आत असू शकते. शेजारच्या घरातील त्याच वयाचे मूल समोर तोंड करून बसते, एवढ्यावरून आपल्या मुलाची सीट वळवणे योग्य नाही. वजन घरच्या अंदाजाने न ठरवता बालरोगतज्ज्ञांच्या फाइलीतून किंवा अंगणवाडीतील वाढीच्या तक्त्यावरून घ्यावे. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले ते डहाणू तालुक्यातील बोर्डीत. पुढे अनुताई वाघ यांच्यासह ते काम कोसबाडच्या टेकडीवर वाढले आणि अंगणवाडीची कल्पना याच परिसरात रुजली. मुलाला त्याच्या वाढीच्या गतीने जाऊ द्यावे, हे त्या कामाचे सूत्र गाडीतील सीटलाही लागू पडते.

वजनाबरोबर डोक्याची जागाही पाहावी. पाठमोऱ्या स्थितीत बाळाचे डोके सीटच्या कवचाच्या वरच्या कडेच्या आत असले पाहिजे. काही उत्पादक वरून अडीच सेंटिमीटर जागा मोकळी ठेवण्यास सांगतात. डोके कडेपर्यंत पोहोचले, की वजन मर्यादेत असले तरी ती सीट पाठमोऱ्या स्थितीसाठी अपुरी झाली असे समजावे. अशा वेळी मूल अद्याप लहान असेल, तर सीट वळवण्यापूर्वी पाठमोरी मर्यादा अधिक असलेली सीट मिळते का ते पाहावे.

पालकांच्या नेहमीच्या शंका

पाय दुमडले जातात, त्याला त्रास होत नाही का? ही सर्वांत सामान्य शंका आहे. मोठ्यांना अवघडल्यासारखे वाटते, पण मुले घरीही मांडी घालून किंवा पाय पोटाशी घेऊन तासन्‌तास खेळतात. पाय सीटच्या पाठीला टेकणे हे सीट वळवण्याचे कारण नव्हे. उलट समोर तोंड करून बसलेल्या मुलाचे पाय धडकेत पुढच्या आसनावर आपटण्याची शक्यता अधिक असते. शिवाय मोडलेले पाय जुळून येतात, मज्जारज्जू जुळत नाही.

मागून धडक बसली तर? पाठमोऱ्या मुलाला अशा धडकेत कमी संरक्षण मिळते, असा आक्षेप घेतला जातो. त्यात तथ्याचा अंश आहे. मात्र दोन्ही गाड्या एकाच दिशेने जात असल्याने मागून बसणाऱ्या धडकेचा जोर सामान्यतः समोरच्या धडकेपेक्षा पुष्कळ कमी असतो. ज्या धडकेत जीव जाण्याचा धोका अधिक, तिच्यासाठी तयारी ठेवणे शहाणपणाचे आहे.

बाळ रडते, त्याला आम्ही दिसत नाही. हे खरे आहे आणि अनेक घरांत सीट वळवली जाते ती याच कारणाने. येथे सवय कामी येते. लांबच्या प्रवासापूर्वी आठ-पंधरा दिवस घराजवळच्या छोट्या फेऱ्यांत बाळाला सीटची ओळख करून द्यावी. आई, आजी किंवा आत्या यांपैकी कोणीतरी मागे, बाळाच्या शेजारी, स्वतःचा सीटबेल्ट लावून बसावे. रडणे असह्य झाले तर गाडी सुरक्षित जागी थांबवून बाळाला बाहेर घ्यावे. धावत्या गाडीत पट्टे सोडून त्याला मांडीवर घेणे मात्र कटाक्षाने टाळावे. घरातील वडीलधाऱ्यांना हे पटत नसेल, तर वाद घालण्यापेक्षा १४० किलोचा हिशेब त्यांना समजावून सांगावा.

गाडी लहान आहे, जागा होत नाही. पाठमोरी सीट अधिक जागा घेते, हे निर्विवाद. म्हणून सीट खरेदीपूर्वी ती स्वतःच्या गाडीत बसवून पाहावी. उंच व्यक्तीने चालकाच्या बाजूला आणि बाळाची सीट त्याच्या तिरप्या दिशेला मागे ठेवल्यास छोट्या मोटारीतही बहुधा मार्ग निघतो.

सीट बसवताना

दिशा योग्य असली तरी सीट सैल असेल तर उपयोग होत नाही. गाडीत आयसोफिक्सचे हूक असतील तर सीटचे खटके त्यांत पूर्ण अडकल्याची खूण पाहावी. हूक नसतील तर गाडीचा तीन बिंदूंचा सीटबेल्ट माहितीपुस्तिकेत दाखवलेल्या मार्गानेच ओवावा. पाठमोऱ्या आणि समोरच्या स्थितीत हा मार्ग वेगळा असतो. बसवल्यावर सीट बेल्टच्या जागी धरून हलवून पाहावी. ती अडीच सेंटिमीटरपेक्षा अधिक सरकता कामा नये.

खांद्यांचे पट्टे पाठमोऱ्या स्थितीत बाळाच्या खांद्यांच्या पातळीवर किंवा किंचित खालून यावेत. समोरच्या स्थितीत ते खांद्यांच्या पातळीवर किंवा किंचित वरून यावेत. खांद्यापाशी पट्ट्याची चिमटीत घडी धरता आली तर तो सैल आहे असे समजावे. जाड स्वेटर किंवा शाल पट्ट्यांच्या आत ठेवू नये.

एका बाबतीत मात्र तडजोड नाही. पुढच्या आसनावर एअरबॅग चालू असताना तेथे पाठमोरी सीट कधीही ठेवू नये. एअरबॅग प्रचंड वेगाने उघडते आणि सीटच्या पाठीवर, पर्यायाने बाळाच्या डोक्यावर आदळते. १ जानेवारी २०२२ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींत चालकाशेजारच्या आसनासाठीही एअरबॅग सक्तीची आहे. म्हणून बाळाची जागा मागेच.

वापरलेली सीट घेताना तिचा इतिहास ठाऊक असला पाहिजे. अपघातातून गेलेली, कवचाला तडा असलेली, लेबल किंवा पट्टे निघालेली सीट फुकट मिळाली तरी घेऊ नये.

समोर वळवल्यानंतर

सीट वळवणे म्हणजे सुरक्षेच्या एका पायरीवरून खाली उतरणे आहे, ही जाणीव असावी. त्यानंतरही मुलाला सीटच्या स्वतःच्या पाच बिंदूंच्या पट्ट्यांतच बसवावे. वरचा टेदर पट्टा दिलेला असेल तर तो गाडीतील नेमून दिलेल्या हुकाला अवश्य अडकवावा. त्यामुळे डोके पुढे झेपावण्याचे अंतर कमी होते. ही सीट लहान झाली की पाठ असलेली बूस्टर सीट येते. तिच्यावर मूल उंच बसते आणि मोठ्यांचा सीटबेल्ट मानेऐवजी खांद्यावरून, पोटाऐवजी मांड्यांवरून जातो. पाठ टेकून बसल्यावर गुडघे आसनाच्या कडेशी वाकतात आणि बेल्ट आपसूक योग्य जागी येतो, तेव्हाच बूस्टर काढावा. ही उंची साधारण १४५ सेंटिमीटर असते.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने १९४-ब हे कलम आले. चौदा वर्षांखालील मुलाला सीटबेल्ट किंवा चाइल्ड सीटने सुरक्षित न करता गाडी चालवल्यास एक हजार रुपये दंडाची तरतूद त्यात आहे. सीटची दिशा कोणती असावी, ती कोणत्या वयात बदलावी, याविषयी हे कलम काही सांगत नाही. तो विवेक पालकांवर सोपवलेला आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालेल्या 'भारत एनकॅप' या चाचणी कार्यक्रमात दीड आणि तीन वर्षांच्या मुलांच्या आकाराच्या बाहुल्या चाइल्ड सीटमध्ये बसवून मोटारीला मुलांच्या सुरक्षेसाठी स्वतंत्र तारे दिले जातात. नवी मोटार घेताना हे तारेही पाहावेत.

डहाणू-तलासरीच्या वाटेवर

मुंबईहून डहाणूला जायला अडीच-तीन तास लागतात, सुटीच्या दिवशी त्याहून अधिक. तान्ह्या बाळाला दर दोन तासांनी सीटबाहेर काढून मोकळे करावे. त्यासाठी महामार्गाच्या कडेला न थांबता पेट्रोल पंपाचे किंवा उपाहारगृहाचे आवार निवडावे. उन्हात उभ्या गाडीतील सीटचे बक्कल बाळाला बसवण्यापूर्वी हात लावून पाहावे, आणि बंद गाडीत मुलाला क्षणभरही एकटे ठेवू नये.

भाड्याच्या मोटारीने जायचे असेल तर स्वतःची सीट सोबत न्यावी. मागच्या आसनांचे सीटबेल्ट कव्हराखाली दडपलेले नाहीत ना, हे गाडी ठरवतानाच विचारावे. डहाणू स्थानकाबाहेरील रिक्षा आणि गावोगाव फिरणाऱ्या जीपमध्ये चाइल्ड सीट बांधण्याची सोयच नसते. तेथील बहुसंख्य कुटुंबांना दुसरा पर्यायही नसतो. शहरातून जाणाऱ्यांना तो असतो. एप्रिल २०१३ पासून पश्चिम रेल्वेची उपनगरी गाडी डहाणू रोडपर्यंत धावते. गाडीत सीट बसवता येत नसेल तर लांबचा टप्पा रेल्वेने करणे हाच उत्तम मार्ग. दुचाकीवर चार वर्षांखालील मुलाला नेताना सुरक्षापट्टा, मापाचे हेल्मेट आणि ताशी ४० किलोमीटरची वेगमर्यादा हे नियम फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहेत.

या टापूत अपघात झाल्यास गंभीर जखमीला बहुधा वापी, सिल्वासा किंवा मुंबई गाठावी लागते. चारोटीच्या त्या अपघातातील जखमींनाही वापीला न्यावे लागले होते. मोठे रुग्णालय दूर असते, तेथे इजा होऊच न देणाऱ्या साधनाचे मोल अधिक असते. अपघातानंतर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. आग किंवा अन्य तातडीचा धोका नसेल तर सीटमधील बाळाची मान हलू न देता मदतीची वाट पाहावी.

थोडक्यात

वय: पंधरा महिन्यांपूर्वी सीट वळवू नये. दोन वर्षे झाली म्हणून वळवलीच पाहिजे असेही नाही.

वजन आणि उंची: पाठमोऱ्या स्थितीची छापील मर्यादा गाठेपर्यंत थांबावे. वजन वा उंची यांपैकी एक मर्यादा गाठली तरी बदलाची वेळ आली असे समजावे.

डोके: कवचाच्या वरच्या कडेपर्यंत पोहोचले तर सीट अपुरी झाली.

पाय: दुमडले तरी हरकत नाही.

जागा: नेहमी मागे. एअरबॅगसमोर पाठमोरी सीट कधीही नको.

खरेदी: पाठमोरी मर्यादा जितकी अधिक तितके चांगले. रंग आणि गादीपेक्षा हा आकडा आधी पाहावा.

बाळाला खिडकीतून चिकूच्या बागा आणि समुद्र समोर पाहता यावा, ही आई-वडिलांची हौस समजण्यासारखी आहे. पाठमोऱ्या बाळालाही त्या बागा दिसतातच, थोड्या मागे पडताना दिसतात इतकेच. त्याच्या मानेला बळ येईपर्यंत तेवढा उशीर सोसावा.